उपकारी विषाणूचा इतिहास



स्मरणिकेसाठी इतिहासावर एखादा लेख द्यावा, असा निरोप मिळाला तेव्हा नळदुर्गचा पाणीमहाल आणि परंड्याचा किल्ला हे दोन विषय प्रथम डोळ्यांसमोर आले. परंतु या दोहोंवर आपल्या जिल्ह्यात पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी ती स्थळे शाळेच्या सहलीत पाहिलेली आहेत. म्हणून या खेपेस एक निराळाच इतिहास आपणांपुढे ठेवतो. तो आहे संगणकात शिरणाऱ्या विषाणूचा, ज्याला आपण सर्वजण व्हायरस म्हणतो. त्यातही सगळ्या विषाणूंचा नव्हे. ज्यांनी ‘हा तर लोकांच्या भल्यासाठी आहे’ असे मानून तो सोडला, त्यांचा.

इतिहासाच्या शिक्षकाने या भानगडीत का पडावे, असे आपण विचाराल. त्याला एक कारण घडले. २०१३ च्या सुमारास, नोकरीच्या अगदी सुरुवातीला, मी दुसऱ्या एका शाळेत होतो. तेथे दहा-बारा जुने संगणक होते आणि त्यांना एक कायमचा आजार जडलेला होता. प्रश्नपत्रिका छापण्यासाठी पेनड्राइव्ह बाहेर झेरॉक्सच्या दुकानात गेला, की येताना रोग घेऊनच येई. आतले फोल्डर दिसेनासे होत व त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट दिसू लागत. नववीच्या वर्गातील एका हुशार मुलाने यावर तोड काढली. त्याने वीस-पंचवीस ओळींची एक छोटी आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, लिहिली. पेनड्राइव्ह लावला की ती सारे शॉर्टकट पुसून टाकी, लपलेले फोल्डर पुन्हा दिसते करी, आणि स्वतःची एक प्रत गुपचूप त्या पेनड्राइव्हवर ठेवून देई. हेतू हा, की तो पेनड्राइव्ह पुढे जेथे जाईल तेथेही साफसफाई व्हावी. त्याने ती करामत मला दाखवली तेव्हा मी भर वर्गात त्याची पाठ थोपटली. ‘असा विषाणू असेल तर घरोघरी असावा’ असेही काहीसे बोलून गेलो. पुढे जे घडले ते ओघाने येईलच. पण ते घडल्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो, आणि ध्यानात आले की त्या मुलाने जे केले ते मोठमोठ्या प्रयोगशाळांतील विद्वानांनी त्याच्या कितीतरी आधी करून पाहिले होते.

प्रथम शब्दाचा अर्थ नीट समजून घेऊ. स्वतःची प्रत काढून ती दुसऱ्या आज्ञावलीत वा दुसऱ्या यंत्रात बसवणारी आज्ञावली, तिला विषाणू म्हणतात. नुकसान करणे हे तिच्या व्याख्येतच नाही. त्यामुळे ‘चांगला विषाणू असू शकेल काय?’ हा प्रश्न पोरकट ठरत नाही. जॉन फॉन नॉयमन या थोर गणितज्ञाने १९४९ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील व्याख्यानांत स्वतःसारखेच दुसरे यंत्र घडवणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली, तेव्हा त्यात कोणाचे वाईट चिंतलेले नव्हते.

प्रत्यक्षातील पहिला प्रयोगही निरुपद्रवीच होता. १९७१ मध्ये अमेरिकेत बॉब थॉमस नावाच्या अभियंत्याने ‘क्रीपर’ या नावाची आज्ञावली तयार केली. एका यंत्रावर चालू असलेले काम उचलून तारेवाटे दुसऱ्या यंत्रावर नेता येते काय, एवढेच त्याला पाहायचे होते. क्रीपर एका संगणकावरून दुसऱ्यावर जाई आणि पडद्यावर ‘मी आलो आहे, पकडून दाखवा’ अशा आशयाचा मजकूर उमटवी. त्याचाच सहकारी रे टॉमलिन्सन याने तिला स्वतःच्या प्रती काढण्याची सोय करून दिली, आणि मग तिला हुडकून पुसून टाकण्यासाठी ‘रीपर’ नावाची दुसरी आज्ञावली लिहिली. हाच टॉमलिन्सन ई-मेलच्या पत्त्यात मधोमध येणारे चिन्ह रूढ करणारा. म्हणजे पाहा, पहिला पाहुणा घरात शिरला आणि त्याला हाकलण्यासाठी लगोलग दुसरा पाहुणा पाठवावा लागला. दोघांनाही बोलावणे नव्हते.

यानंतरची हकीकत मात्र जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात (ज्या कंपनीच्या नावाने आपण आजही कागदाची नक्कल मागतो, तीच ही कंपनी) एकमेकांना जोडलेले शंभरएक संगणक होते. दिवसा त्यांवर माणसे काम करीत, रात्री ते रिकामे पडून राहत. जॉन शॉक आणि जॉन हप या दोघा संशोधकांना वाटले, की या रिकाम्या यंत्रांचा उपयोग करून घ्यावा. त्यांनी जी आज्ञावली रचली तिला ‘वर्म’, म्हणजे जंत, असे नाव दिले. हे नाव त्यांनी जॉन ब्रनर या लेखकाच्या १९७५ च्या एका कादंबरीवरून घेतले होते. हा जंत मोकळे यंत्र शोधी, त्यात आपला एक तुकडा बसवी, आणि मालक कामावर आला की तेथून निघून दुसरीकडे जागा पाही. त्यांनी त्याच्याकडून खरोखर उपयोगाची कामे करून घेतली. एक जंत जोडणीतील बिघाड तपासी. एक प्रत्येक पडद्यावर दिवसाचे चित्र लावी. एक गजराच्या घड्याळासारखा होता. सांगितलेल्या वेळी तो माणसाला दूरध्वनी करून जागे करी. उपकारी विषाणूची याहून चांगली उदाहरणे मला तरी कोठे आढळली नाहीत.

आता पुढचे ऐका. एके रात्री त्यांनी एक छोटा जंत चालू ठेवला आणि ते घरी गेले. सकाळी येऊन पाहतात तो इमारतीतील यंत्रे एकामागून एक बंद पडलेली. जंताच्या एका प्रतीत रात्रीतून कोठेतरी बिघाड झाला होता आणि बिघडलेली प्रतच पसरत गेली होती. यंत्र पुन्हा सुरू करावे तर जंत लगेच त्यात शिरून ते परत बंद पाडी. काही यंत्रे कुलूपबंद खोल्यांत होती, तेथे जाताही येईना. सुदैवाने त्या दोघांनी आधीच एक खबरदारी घेतली होती: साऱ्या जंतांना एकदम थांबवणारा एक संकेत त्यांनी राखून ठेवला होता. तो सोडला तेव्हा कोठे सर्व शांत झाले. मार्च १९८२ मध्ये त्यांनी हा सारा प्रकार, आपली फजिती न लपवता, छापून प्रसिद्ध केला. विद्वानाचा हा गुण मला फार मोठा वाटतो. आपल्याकडे चूक झाली की प्रथम रजिस्टर दडवले जाते.

लक्षात घ्या, येथे यंत्रे त्यांच्याच संस्थेची होती, हेतू चांगला होता, माणसे जाणकार होती आणि थांबवण्याची कळही हाताशी होती. एवढे सगळे जुळून आले तरी हे घडले.

‘व्हायरस’ हा शब्द संगणकाच्या संदर्भात रूढ झाला तो फ्रेड कोहेन या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील विद्यार्थ्यामुळे. नोव्हेंबर १९८३ मध्ये त्याने वर्गात विषाणूचे प्रात्यक्षिक दाखवले आणि त्याचे मार्गदर्शक प्राध्यापक लिओनार्ड ॲडलमन यांनी त्याला हे नाव सुचवले. १९८४ च्या आपल्या शोधनिबंधात कोहेनने एका उपयोगी विषाणूचे उदाहरण दिले आहे. त्या काळी संगणकात जागा फार थोडी असे. कोहेनचा विषाणू एकेका फाइलीत शिरून तिचा आकार लहान करणार आणि जागा वाचवणार, अशी ती कल्पना. मात्र या कल्पनेत एक अट आहे, जी पुष्कळांच्या वाचनातून निसटते. फाइल लहान करायची ती वापरणाऱ्याची परवानगी घेऊन. आपल्या घरच्या बोलीत सांगायचे तर इजाजत घेऊन. हा शब्द आपण ध्यानात ठेवावा, कारण पुढील सगळा इतिहास याच एका शब्दाभोवती फिरतो.

याच सुमारास आपल्या शेजारी, लाहोर शहरात, बासित आणि अमजद फारूक अल्वी हे दोघे तरुण भाऊ संगणकाचे दुकान चालवीत होते. त्यांनी वैद्यकीय उपयोगाची एक आज्ञावली लिहिली होती आणि लोक तिच्या चोरट्या प्रती काढतात, याचा त्यांना राग होता. १९८६ मध्ये त्यांनी ‘ब्रेन’ नावाचा विषाणू फ्लॉपीत घालून दिला. त्यात त्यांनी स्वतःची नावे, दुकानाचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही लिहून ठेवले. चोर कधी आपला पत्ता ठेवून जातो काय? तेव्हा त्यांच्या मनात खोट नव्हती, हे मानायला हरकत नाही. ज्यांना आजार जडेल त्यांनी फोन करावा, एवढीच त्यांची अपेक्षा. पण फोन आले ते अमेरिकेतून आणि इंग्लंडमधून, ज्यांचा त्या आज्ञावलीशी काहीच संबंध नव्हता अशा लोकांचे. सामान्य माणसांच्या घरगुती आय.बी.एम. जातीच्या संगणकांत पसरलेला हा पहिला विषाणू मानला जातो. फ्लॉपी हातोहात कोठे जाईल, यावर त्या भावांचा काय ताबा राहणार?

१९८८ मधील मॉरिस नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. २ नोव्हेंबरच्या रात्री त्याने सोडलेल्या जंताने सुमारे ६,००० संगणक ठप्प केले असा त्या वेळी अंदाज होता. नासधूस करण्याचा त्याचा बेत नव्हता. प्रती किती वेगाने निघाव्यात याचा त्याचा हिशेब चुकला. न्यायालयाने त्याला तीन वर्षे देखरेखीखाली ठेवले, ४०० तास समाजसेवा करायला लावली आणि १०,०५० डॉलर दंड केला.

आता सर्वांत बोलके उदाहरण. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ नावाचा जंत जगभर पसरला आणि असंख्य संगणक आपोआप बंद होऊ लागले. आठवडाभरातच, १८ ऑगस्टला, एक दुसरा जंत अवतरला. त्याला ‘वेल्चिया’ किंवा ‘नाची’ म्हणतात. कोणी केला ते कळले नाही, पण त्याचे काम थक्क करणारे होते. ज्या भगदाडातून ब्लास्टर आत शिरे त्याच भगदाडातून हाही शिरे. आत गेल्यावर ब्लास्टरला मारी. मग मायक्रोसॉफ्ट कंपनीकडून दुरुस्तीचा तुकडा उतरवून घेऊन ते भगदाडच बुजवून टाकी. आणि २००४ साल उजाडले की स्वतःला पुसून टाकावे, अशी आज्ञाही त्याच्या पोटात होती. माझ्या त्या नववीतल्या विद्यार्थ्याने जे वीस-पंचवीस ओळींत केले त्याचाच हा थोरला भाऊ!

परंतु पुढचे घर शोधण्यासाठी हा परोपकारी जंत दिसेल त्या पत्त्यावर दार ठोठावत सुटला. लाखो यंत्रे एकाच वेळी लाखो दारे ठोठावू लागली तर रस्ते भरून जाणारच. १९ ऑगस्टला एअर कॅनडा या विमान कंपनीच्या खिडक्यांवर प्रवाशांची कामे खोळंबली. अमेरिकन नौदलाच्या जोडणीला झळ बसली. सप्टेंबरमध्ये व्हिसासाठी नावे तपासण्याची अमेरिकन सरकारची व्यवस्था काही तास बंद पडली. ब्लास्टरपेक्षा वेल्चियाचाच ताप अधिक झाला, असे अनेक ठिकाणच्या कर्मचाऱ्यांचे म्हणणे पडले. दुरुस्ती झाली हे खरे, पण ती केव्हा करायची, आधी नक्कल काढून ठेवायची की नाही, त्या यंत्रावर त्या वेळी कोणते काम चालू आहे, हे ज्याला ठाऊक असते त्या माणसाला कोणी विचारलेच नाही.

यावर काहीजण एक मुद्दा मांडतात, आणि तो वरवर बिनतोड दिसतो. ते म्हणतात, देवीची लस ही तरी विषाणूच की! रोगाचे बीज वापरूनच आपण रोग हटवला, मग संगणकात तसे का करू नये? या मुद्द्याला उत्तर देण्यासाठी मला माझ्या नेहमीच्या विषयाकडे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासाकडे वळावे लागेल.

देवीची लस हिंदुस्थानात प्रथम टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. लस बगदाद आणि बसऱ्याकडून आली होती. त्या काळी ती साठवता येत नसे. एका मुलाच्या दंडावर फोड आला की त्यातील द्रव दुसऱ्याच्या दंडावर टोचावा लागे, त्याचा तिसऱ्याच्या. अशी ती दंडादंडाने प्रवास करी. म्हणजे स्वतःची प्रत काढणारी वस्तू येथेही होती. पण ती आपणहून एका दंडावरून दुसऱ्यावर उडी मारीत नव्हती. प्रत्येक वेळी मध्ये डॉक्टरचा हात होता, आणि पुढचा दंड कोणाचा हे माणूस ठरवीत होता.

१८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आला. (प्लेग हा जिवाणूचा रोग आहे, विषाणूचा नव्हे; विज्ञानाच्या शिक्षकांनी मला क्षमा करावी.) ओडेसा शहरात जन्मलेले डॉ. वाल्देमार हाफकिन मुंबईस आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या तुटपुंज्या जागेत कामाला लागले. त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले, आणि नंतर उष्णतेने मारून टाकले. मेलेल्या जंतूंची ती लस. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोकांच्या मनात लसीविषयी नाना शंका होत्या. तेव्हा एकोणीस वर्षांचे तरुण आगाखान, सर सुलतान महंमद शाह, पुढे आले. त्यांनी चारचौघांदेखत स्वतःला लस टोचून घेतली, आणि हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी आपला ‘खुश्रू लॉज’ हा बंगला दिला. ते पाहून खोजा समाजातील हजारो माणसे आपण होऊन लस घ्यायला आली. प्रयोगशाळा पुढे १८९९ मध्ये परळला गेली आणि १९२५ पासून तिला हाफकिन यांचे नाव आहे.

त्याच वर्षी, १८९७ मध्येच, पुण्यात काय चालले होते? ४ फेब्रुवारीला साथीच्या रोगांचा कायदा झाला. त्याच्या आधारे रँड साहेबाच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घराघरांत घुसू लागल्या. देवघर असो की जनानखाना, दार ढकलून आत जायचे, रोगी दिसला की उचलायचा, कपडालत्ता बाहेर काढून जाळायचा. कागदोपत्री उद्देश एकच होता, प्लेग हटवणे. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हे आपण पाचवीपासून शिकतो. मार्च १८९८ मध्ये मुंबईत मदनपुऱ्याच्या बाजूला जुलाहा मुसलमान विणकरांच्या वस्तीत तपासणीची तुकडी एका आजारी मुलीला न्यायला गेली तेव्हा दंगल उसळली, ही गोष्ट मात्र आपल्या मुलांना क्वचितच कोणी सांगते. पुण्याचा ब्राह्मण असो की मदनपुऱ्याचा जुलाहा, कोणी न विचारता घरात घुसले की त्याला सारखेच लागते.

हाफकिन आणि रँड या दोघांचाही शत्रू प्लेगच होता. ही तुलना मला फार ताणायची नाही. परक्या राजवटीची जुलूमजबरदस्ती आणि संगणकातील चार ओळी यांत अंतर आहे, हे मी जाणतो. पण लसीचा दाखला द्यायचाच असेल तर तो पुरता द्यावा. हाफकिनची लस उपयोगी पडली ती मेलेल्या जंतूंची, म्हणजे ज्यांची पसरण्याची शक्तीच काढून घेतली आहे अशांची. आणि ती टोचली गेली ती बाही वर करणाऱ्याच्या दंडावर. संगणकाचा उपकारी विषाणू याच्या नेमका उलट असतो. त्याची पसरण्याची शक्ती शाबूत असते आणि बाही वर करायला तो कोणालाच सांगत नाही. त्याच्यातील जे काम उपयोगाचे, म्हणजे जागा वाचवणे, भगदाड बुजवणे, साफसफाई, ते सारे साध्या, न पसरणाऱ्या आज्ञावलीकडून होऊ शकते आणि होतेच. विषाणूपण त्यात भर घालते ती फक्त दोन गोष्टींची: न विचारणे आणि न थांबणे.

दुसऱ्या बाजूचेही सांगितले पाहिजे, नाहीतर लेख एकांगी होईल. २०१५ मध्ये ‘वायफॅच’ नावाच्या जंताची माहिती उजेडात आली. घरोघरी इंटरनेटसाठी जी राउटरची पेटी असते, तीत तो शिरे, इतर दुष्ट विषाणूंना हाकली, मागचे दार बंद करी आणि मालकासाठी निरोप ठेवी की बाबा, पासवर्ड बदल. पेटी बंद करून पुन्हा लावली की तो निघूनही जाई. त्याने कोणाचे नुकसान केल्याचे माझ्या वाचनात नाही. येथे माझाही निश्चय क्षणभर डळमळला. पण त्याच्या कर्त्यांना लोकांनी विचारले की तुमच्यावर विश्वास ठेवावा काय, तेव्हा त्यांनीच जाहीर सांगितले की ठेवू नका, आपली पेटी आपण सांभाळा. इतका प्रामाणिकपणा क्वचितच दिसतो. २०१० मध्ये सापडलेल्या ‘स्टक्सनेट’चे कर्ते असे बोलले नाहीत. इराणच्या नतान्झ येथील अणुकेंद्रातील यंत्रे बिघडवण्यासाठी तो रचला होता. ज्यांनी रचला त्यांच्या दृष्टीने तो उपयोगीच. पण बाधित संगणकांच्या यादीत इराण व इंडोनेशियाच्या खालोखाल भारताचे नाव होते, आणि आपला त्या भांडणाशी काय संबंध होता?

नेम एकीकडे धरावा आणि घाव भलतीकडे पडावा, याचे एक उदाहरण आपल्या दारातलेच आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक विषाणू युक्रेन देशावर सोडला गेला, तेथील एका हिशेबाच्या आज्ञावलीमार्फत. त्याचा तडाखा मर्स्क या जहाज कंपनीला बसला आणि त्यामुळे आपल्या उरणजवळच्या न्हावाशेवा बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. आपल्या भागातील द्राक्षे ज्या बंदरातून परदेशी जातात तेच हे बंदर. युक्रेनच्या भांडणाने उरणच्या रस्त्यावर ट्रक अडकून पडले. मर्स्कला त्या दिवसांत सुमारे ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले.

विषाणूंमुळे निदान रोजगार तरी निर्माण झाला, असेही कोणी म्हणेल. साताऱ्याकडील रहिमतपूरचे कैलास काटकर यांनी दहावीनंतर शिक्षण सोडले व पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरी धरली. पुढे संगणक दुरुस्ती करताना त्यांना जो तो विषाणूने पिडलेला दिसे. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते, त्यांनी विषाणू काढणारी आज्ञावली लिहिली आणि १९९५ मध्ये ‘क्विक हील’ बाजारात आले. (शिक्षण सोडल्याचा भाग विद्यार्थ्यांनी सोयीने लक्षात ठेवू नये, धाकट्या भावाचे शिक्षण मोठ्याने आग्रहाने पुरे करवले, तेही ध्यानात घ्यावे.) साथ आली म्हणून वैद्याची भरभराट झाली, तर श्रेय साथीचे नव्हे, वैद्याचे. शिवाय काटकर बंधूंची आज्ञावली आपणहून कोणाच्या घरी जात नाही. ती आणावी लागते, बसवावी लागते. फेब्रुवारी २०१७ मध्ये भारत सरकारने ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले, तेथून विषाणू काढण्याची साधने फुकट मिळतात, पण तीही आपण स्वतः उतरवून घ्यायची असतात. सरकारलासुद्धा दार ठोठावून थांबावे लागते.

विद्यार्थी मित्रांनो, कायद्याचे एक वाक्य तुमच्यासाठी. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या अथवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीवाचून संगणकात विषाणू घालणाऱ्यास नुकसानभरपाई द्यावी लागेल असे म्हटले आहे. तुमचा हेतू चांगला होता की वाईट, हे तेथे विचारलेले नाही. हेतू अप्रामाणिक वा लबाडीचा असेल तर कलम ६६ लागते, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

आता त्या मुलाचे सांगून लेखणी थांबवतो. त्याची आज्ञावली पेनड्राइव्हवर बसून एके दिवशी कार्यालयातील संगणकात गेली. तिला रोगाचे शॉर्टकट आणि कामाचे शॉर्टकट यांतील फरक कळत नव्हता. लिपिकांच्या पडद्यावरची सारी चित्रे एका झटक्यात नाहीशी झाली. खरी माहिती आत सुखरूप होती, पण ते त्यांना कसे कळावे? दहावीचे बोर्डाचे फॉर्म भरण्याचे दिवस होते. घाबरून त्यांनी गावातील एका मेकॅनिकला बोलावले, आणि त्याने पूर्ण मशीन फॉरमॅट करून दिले. मग मात्र सगळेच गेले.

मुलगा मुख्याध्यापकांसमोर उभा राहिला आणि एवढेच म्हणाला, “सर, मी तर साफच करत होतो.” त्याला दाखला देऊन टाकावा असे दोघातिघांचे मत पडले. मी त्या खोलीत होतो आणि पहिली पाच मिनिटे गप्प राहिलो, हे येथे लिहिले पाहिजे. नंतर सांगितले, की मी याला वर्गात शाबासकी दिली होती. त्याचे वडील शिलाईकाम करणारे, त्यांना बोलावणे गेले होते. ते दारातच उभे राहून म्हणाले, “साहेब, पोरानं लोकांच्या घरात न विचारता झाडू मारला, एवढंच ना? त्याला माफी मागायला लावा, पण शाळेतून काढू नका.” मुख्याध्यापक भले गृहस्थ होते. दाखला निघाला नाही.

नंतरचे तीन दिवस शाळा सुटल्यावर तो मुलगा आणि मी कार्यालयात बसलो. तो जनरल रजिस्टरमधून नाव, जन्मतारीख, आईचे नाव वाचून दाखवी आणि मी टंकित करी. मग दुसऱ्या पानाला आम्ही जागा बदलू. लिपिकसाहेब पहिल्या दिवशी आमच्याशी एक शब्द बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिघांसाठी चहा मागवला आणि मुलाला विचारले, की पेनड्राइव्ह साफ करायचा असेल तर नेमके काय करायचे. त्याने विचारले, “आता करू का सर?” आणि ते हो म्हणेपर्यंत त्याने हात पुढे केला नाही.